एक शॉर्टकट, दोन दावेदार: कीबोर्डवरची टक्कर सॉफ्टवेअर कशी सोडवतं?

फोनवर हा अनुभव तुम्हाला नक्की आला असेल. एखाद्या ॲपचा डावीकडचा मेनू उघडायचा म्हणून तुम्ही स्क्रीनच्या कडेपासून बोट आत सरकवता, आणि मेनू उघडायच्या ऐवजी ॲप मागच्या पानावर जातं. बोट एकच, हालचाल एकच, पण तिच्यावर हक्क सांगणारे दोघं. ॲप म्हणतं, हा माझा मेनू. अँड्रॉइड म्हणतं, हे माझं बॅक.

२०१९ साली अँड्रॉइड १० मध्ये कडेवरून स्वाइप करून मागे जायची सोय आली, तेव्हा ही टक्कर जागोजागी व्हायला लागली. म्हणून गूगलने ॲप बनवणाऱ्यांना एक सवलत दिली. 'कडेच्या एवढ्या पट्ट्यात बॅक चालवू नकोस' असं ॲप सिस्टिमला सांगू शकतं. पण सवलतीला मर्यादा आहे. एका कडेला उंचीत जास्तीत जास्त २०० डीपी. डीपी हे स्क्रीनवरच्या आकाराचं माप आहे, आणि २०० डीपी म्हणजे कडेचा एक तुकडा, अख्खी कड नाही. कारण सरळ आहे: एखाद्या ॲपने पूर्ण कड बळकावली तर मागे जायचं कसं?

डेस्कटॉपवर हेच भांडण कितीतरी जुनं आहे. तिथे स्वाइपऐवजी कीबोर्डचे शॉर्टकट असतात. मी डेस्कटॉप सॉफ्टवेअर लिहिते, आणि माझी पहिली मोठी फजिती याच भांडणात झाली. तिथूनच सुरू करते.

"मॅडम, तुमचा कंट्रोल-डी मेलाय"

माझी पहिली नोकरी एका छोट्या कंपनीत होती. औषधांच्या होलसेल दुकानांसाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवायचो. अशा दुकानात बिल करणारा माणूस माऊसला जवळपास हात लावतच नाही. टॅलीवर बसलेल्या कुणालाही बघा. एफ-८ दाबला की सेल्स, एफ-९ दाबला की परचेस, कंट्रोल + ए दाबलं की व्हाउचर सेव्ह. डोळे समोरच्या चिठ्ठीवर, बोटं कीबोर्डवर.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल + डी दाबलं की बिलातली चालू ओळ खाली पुन्हा उमटायची. एकाच औषधाच्या दोन बॅच द्यायच्या असल्या की ओळ डुप्लिकेट करायची आणि फक्त बॅच नंबर बदलायचा. डी म्हणजे डुप्लिकेट. हे माझ्या आधी कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि मला माहीत नव्हतं.

माझ्याकडे काम आलं डिस्काउंटची विंडो बनवायचं. मी तिला शॉर्टकट दिला कंट्रोल + डी. डी म्हणजे डिस्काउंट. चालवून बघितलं. नवीन बिल उघडलं, कंट्रोल + डी दाबलं, डिस्काउंटची विंडो आली. झालं काम. अपडेट ग्राहकांकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका दुकानातून फोन. काउंटरवरचे काका बोलत होते, "मॅडम, तुमचा कंट्रोल-डी मेलाय. समोर माणसं खोळंबलीत."

मी माझ्या मशीनवर दाबून बघितलं. "काका, इथे तर चालतंय."

"काय येतंय दाबल्यावर?"

"डिस्काउंट."

"डिस्काउंट कुणी मागितलंय? मला ओळ पाहिजे!"

आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडे डिस्काउंटही येत नव्हतं. काहीच येत नव्हतं. ना एरर, ना आवाज. त्या दिवशी काकांनी प्रत्येक ओळ हाताने पुन्हा टाइप केली. अशा घाईत एखाद्या औषधाची संख्या चुकली तर बिल चुकतं, स्टॉक चुकतो, आणि संध्याकाळी हिशोब जुळवत बसायचं त्यांना. मी मात्र एक अक्षर निवडताना एक मिनिटसुद्धा विचार केला नव्हता.

माझ्याकडे एक गोष्ट घडत होती आणि त्यांच्याकडे काहीच नाही. असं का, हे समजायला बटण दाबल्यापासून काम होईपर्यंतचा रस्ता बघायला हवा.

बटण दाबलं, पुढे काय?

तुम्ही कंट्रोल + डी दाबता तेव्हा ती खबर थेट तुमच्या ॲपला मिळत नाही. वाटेत नाके आहेत.

पहिला नाका ऑपरेटिंग सिस्टिमचा. काही जोड्या ती स्वतःकडेच ठेवते. विंडोजमध्ये कंट्रोल + ऑल्ट + डिलीट कुठल्याच साध्या ॲपला अडवता येत नाही. म्हणून तर ॲप कितीही हँग झालं तरी ती जोडी चालते.

दुसरा नाका मागे चालू असलेल्या इतर सॉफ्टवेअरचा. स्क्रीनशॉट घेणारं किंवा गाणी वाजवणारं ॲप समोर नसतानाही त्याचा शॉर्टकट चालतो, कारण त्याने सिस्टिमकडे ती जोडी आधीच नोंदवलेली असते.

तिसरा नाका तुमच्या समोरच्या ॲपचा. आणि ॲपच्या आतही उतरंड असते: पूर्ण ॲप, त्यातली एक विंडो, त्या विंडोतला एक भाग. कर्सर ज्या भागात असतो, म्हणजे तुमचं टायपिंग जिथे उमटणार, त्या भागाकडे 'फोकस' आहे असं म्हणतात.

आता टक्कर म्हणजे काय, ते सोपं झालं. या रस्त्यावर एकाच जोडीवर दोघांनी हक्क सांगितला की टक्कर. आणि ती सोडवायची म्हणजे एवढंच ठरवायचं: आधी कुणाला विचारायचं, आणि दोघंही 'हो' म्हणाले तर काय करायचं. हा नियम तुम्ही ठरवला नाहीत तर तुमचं फ्रेमवर्क ठरवतं. माझ्या बाबतीत तेच झालं होतं.

दोघंही गप्प का बसले?

आमचं सॉफ्टवेअर क्यूट या फ्रेमवर्कवर होतं. क्यूटमध्ये प्रत्येक शॉर्टकटला एक हद्द असते. हद्दी चार प्रकारच्या: फक्त तो एक भाग, तो भाग आणि त्याच्या आतले भाग, पूर्ण विंडो, किंवा पूर्ण ॲप. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर क्यूट 'पूर्ण विंडो' धरतं. डुप्लिकेट आणि डिस्काउंट, दोन्हींना कुणीच काही सांगितलं नव्हतं. म्हणून दोघांची हद्द एकच, बिलाची विंडो.

क्यूटला एका जोडीसाठी दोन चालू दावेदार सापडले की ते कुणा एकाची बाजू घेत नाही. मेनूतली कृती असेल तर ती चालवतच नाही. फक्त प्रोग्रामरसाठी एक इशारा छापतं: 'ॲम्बिग्युअस शॉर्टकट ओव्हरलोड', म्हणजे या शॉर्टकटचा अर्थ संदिग्ध आहे. आता ही सूचना वाचणार कोण? ती डेव्हलपरच्या कन्सोलवर दिसते. दुकानातल्या काकांना फक्त मेलेलं बटण दिसतं.

मग माझ्या मशीनवर का चाललं? कारण मी रिकाम्या बिलावर बघितलं होतं. बिलात एकही ओळ नसेल तर डुप्लिकेट करायला काही नसतं, म्हणून ती कृती बंद, फिकट झालेली असायची. क्यूट बंद कृतीला दावेदार मानत नाही. म्हणजे रिकाम्या बिलावर डिस्काउंट एकटाच दावेदार होता. पहिली ओळ टाकली की डुप्लिकेट जागं व्हायचं, आणि दोघंही गप्प. मी टेस्टिंग केलं होतं, पण ज्या अवस्थेत कुणीच काम करत नाही अशा अवस्थेत.

माझा पहिला उपाय का फसला

मला वाटलं, सोपं आहे. डुप्लिकेटची हद्द छोटी करू. ती ओळींच्या टेबलापुरती ठेवू, डिस्काउंट पूर्ण विंडोभर राहू दे. कर्सर टेबलात असेल तर डुप्लिकेट, बाहेर असेल तर डिस्काउंट. मनातल्या मनात मी स्वतःला शाबासकीसुद्धा दिली.

चालवलं. कर्सर टेबलात, कंट्रोल + डी, पुन्हा शुकशुकाट.

कारण टेबल विंडोच्या आतच आहे. कर्सर टेबलात असताना टेबलाची हद्द लागू होते आणि विंडोचीही लागू होतेच. क्यूटच्या हिशोबात आतल्या छोट्या हद्दीला जास्त मान नाही. दोन्ही दावे खरे, म्हणून पुन्हा संदिग्ध. ही गोष्ट अनेक नवीन प्रोग्रामरना अडकवते, कारण आपलं मन आपोआप धरून चालतं की 'जवळचा तो आधी'.

क्यूटमध्ये 'जवळचा तो आधी' हवं असेल तर ते वेगळं सांगावं लागतं. शॉर्टकट शोधायच्या आधी क्यूट फोकस असलेल्या भागाला एक प्रश्न विचारतं: ही जोडी तुला स्वतःला हवी आहे का? या प्रश्नाचं नाव 'शॉर्टकट ओव्हरराइड'. भाग 'हो' म्हणाला तर शॉर्टकटची शोधाशोध होतच नाही, बटण थेट त्या भागाला मिळतं. टेक्स्टबॉक्समध्ये लिहिताना डिलीट दाबलं की अक्षर पुसलं जातं, बिलाची ओळ नाही, ते याच प्रश्नामुळे. टेक्स्टबॉक्स सांगतो, हे बटण आत्ता माझं.

मी हा उपाय करून बघितला आणि तो चाललाही. पण मग विचार केला. कर्सर टेबलात असेल तर एक काम, वरच्या रकान्यात असेल तर दुसरं. काकांनी प्रत्येक वेळी कर्सर कुठे आहे ते बघायचं? त्यांची नजर तर चिठ्ठीवर असते. चुकून डिस्काउंटची विंडो उघडली आणि त्यात पुढचा आकडा टाइप झाला, तर ते मेलेल्या बटणापेक्षा वाईट. मेलेलं बटण निदान कळतं तरी.

शेवटी डिस्काउंटला मी मोकळा असलेला एफ-७ दिला, आणि कंट्रोल + डी डुप्लिकेटला परत केलं. कोडच्या दृष्टीने हा सगळ्यात साधा उपाय होता. पण बोटांना लागलेली सवय हासुद्धा एक करार असतो, आणि तो मोडायचा हक्क नव्या फीचरला नसतो.

बाकीचे कसा न्याय करतात?

'दोघंही गप्प' हा एकच मार्ग नाही. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरनी वेगवेगळे नियम ठरवलेत.

आतला तो आधी. ब्राउझरमध्ये बटणाची खबर आधी फोकस असलेल्या भागाला मिळते, मग त्याच्या बाहेरच्या भागाला, मग अजून बाहेर, असं करत पूर्ण पानापर्यंत जाते. याला बबलिंग म्हणतात, पाण्यातल्या बुडबुड्यासारखं तळातून वर येणं. वाटेत कुणीही ती खबर थांबवू शकतो. विंडोजवरच्या डब्ल्यूपीएफ फ्रेमवर्कमध्येही शॉर्टकट असेच आतून बाहेर तपासले जातात.

शेवटी लिहिलेला तो जिंकतो. व्हीएस कोडमध्ये सगळ्या शॉर्टकटची एक यादी असते आणि ती खालून वर वाचली जाते. प्रत्येक नियमाला 'केव्हा' ही अटही लावता येते, उदाहरणार्थ, फक्त एडिटरमध्ये कर्सर असताना. जोडी जुळली आणि अटही जुळली, तो पहिला नियम चालतो, बाकीचे बघितलेच जात नाहीत. तुम्ही स्वतः बदललेले शॉर्टकट यादीच्या तळाशी येतात, म्हणून तुमचा शब्द शेवटचा ठरतो.

परिस्थिती बघून. याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण कंट्रोल + सी. आपल्यासाठी ते कॉपी. पण टर्मिनलमध्ये, म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड लिहितो तिथे, कंट्रोल + सी म्हणजे चालू प्रोग्राम थांबव. हा अर्थ कॉपीपेक्षा जुना आहे. आस्की या अक्षरांच्या कोडमध्ये कंट्रोल धरून सी दाबलं की ३ हा आकडा जातो, कारण सी हे तिसरं अक्षर, आणि ३ चा अर्थ ठरला होता 'मजकूर संपला'. एक्स, सी, व्ही ही कट, कॉपी, पेस्टची त्रयी रुळली ती नंतर, ॲपलच्या १९८३ सालच्या लिसा कॉम्प्युटरपासून. त्यामागे लॅरी टेस्लर या इंजिनिअरचं काम होतं. ॲपलने शॉर्टकटसाठी वेगळंच बटण ठेवलं, त्यामुळे आजही मॅकवर कमांड + सी म्हणजे कॉपी आणि कंट्रोल + सी म्हणजे थांबव. टक्करच नाही. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कॉपीसाठी सहसा कंट्रोल + शिफ्ट + सी वापरावं लागतं. विंडोज टर्मिनल बघतं की मजकूर निवडलेला आहे का. असेल तर कॉपी, नसेल तर 'थांबव' पुढे पाठवतं.

अर्धा शॉर्टकट

टक्कर नेहमी हुबेहूब सारख्या जोड्यांचीच होते असं नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये एकामागून एक दोन जोड्या दाबायच्या असतात. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल + के, मग कंट्रोल + सी, असं दाबलं की निवडलेल्या ओळी कॉमेंट होतात. आता समजा कुणी नुसत्या कंट्रोल + के लाही काम दिलं. तुम्ही कंट्रोल + के दाबलं, तर सॉफ्टवेअरने काय समजायचं? काम करायचं, की पुढच्या जोडीची वाट बघायची?

इथेही तीन स्वभाव दिसतात. व्हिम हा एडिटर थोडं थांबतो. त्याची मूळ सेटिंग १००० मिलिसेकंद, म्हणजे एक सेकंद. तेवढ्यात पुढचं बटण आलं नाही तर छोटा शॉर्टकट चालवतो. इमॅक्स मुळात अशी रचनाच करू देत नाही. एखाद्या जोडीला काम दिलेलं असेल आणि तिच्यापुढे अजून एक बटण लावायला गेलात तर तो एरर देतो. व्हीएस कोड वाट बघतो, पण खालच्या पट्टीत लिहून सांगतो की पहिली जोडी मिळाली, दुसरीची वाट बघतोय. मला हा शेवटचा मार्ग आवडतो, कारण तो निदान काय चाललंय ते बोलतो.

तुमचा शॉर्टकट, कुणाचं तरी अक्षर

आता सगळ्यात वाईट टक्कर. दोन शॉर्टकटची नाही, तर शॉर्टकट आणि लिहिणं यांची.

विंडोजमध्ये इंग्लिश (इंडिया) कीबोर्ड लावला असेल तर उजवं ऑल्ट आणि ४ दाबलं की ₹ उमटतं. या उजव्या ऑल्टला ऑल्ट-जीआर म्हणतात, आणि अशा कीबोर्डवर विंडोज त्याला कंट्रोल + ऑल्ट असंच समजतं. म्हणजे कंट्रोल + ऑल्ट + ४ दाबलं तरी ₹ येतं. आता एखाद्या प्रोग्रामरने आपल्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये 'चौथा टॅब उघड' यासाठी कंट्रोल + ऑल्ट + ४ ठेवलं, तर? त्याच्या स्वतःच्या अमेरिकन कीबोर्डवर सगळं सुरळीत. ग्राहकाच्या मशीनवर मात्र ₹ टाइप करायला गेलं की टॅब बदलतो. रुपयाचं चिन्ह न लिहू देणारं बिलिंग सॉफ्टवेअर!

हे उदाहरण मी कल्पनेने दिलं, पण अगदी असंच एकदा खरं घडलंय. मीडियम या लेखनाच्या वेबसाइटवर पोलंडच्या लोकांना त्यांच्या भाषेतलं, डोक्यावर तिरपी रेघ असलेलं एस हे अक्षर उमटवता येत नव्हतं. लेख आपोआप सेव्ह होत असल्यामुळे मीडियमने कंट्रोल + एस अडवून ठेवलं होतं, म्हणजे सवयीने ते दाबणाऱ्यासमोर ब्राउझरची सेव्हची विंडो येऊ नये. हेतू चांगलाच होता. पण ते पोलिश अक्षर येतं ऑल्ट-जीआर + एस ने. विंडोज त्यात कंट्रोल दाबलंय असं सांगायचं, वेबसाइट ते कंट्रोल + एस समजून गिळून टाकायची. मीडियममध्ये काम करणारे मार्चिन विखारी मूळचे पोलंडचेच. त्यांनी २०१५ साली या गायब अक्षराची पूर्ण कथा लिहून प्रसिद्ध केली.

यातून नियम निघतो: कंट्रोल + ऑल्ट + अक्षर असा शॉर्टकट शक्यतो ठेवूच नका. आणि कंट्रोल दाबलंय का हे तपासताना 'ऑल्ट दाबलेलं नाही ना' हेही तपासा.

आपल्या मराठी टायपिंगचाही इथे संबंध येतो. इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू असताना एसच्या बटणावर 'े' ही मात्रा असते. मग तुम्ही कंट्रोल धरून ते बटण दाबलं तर सॉफ्टवेअरने ते कंट्रोल + एस समजावं की कंट्रोल + मात्रा? प्रोग्रामला दोन गोष्टी विचारता येतात: कुठलं बटण दाबलं, आणि त्यातून कुठलं अक्षर येतं. ज्याने फक्त अक्षर तपासलं, त्याचा सेव्हचा शॉर्टकट मराठी लिहिताना बंद पडू शकतो. मराठीत लिहिणारे दर वेळी कीबोर्ड इंग्रजीवर नेऊन मग सेव्ह करत बसणार नाहीत. म्हणून मी आता प्रत्येक शॉर्टकट एकदा मराठी कीबोर्ड लावून तपासते.

एकाच अक्षराचे शॉर्टकटही असेच धोक्याचे. जीमेलमध्ये नुसतं सी दाबलं की नवीन मेल उघडतो, पण ही सोय सुरुवातीला बंद असते, तुम्ही चालू करायची. जे लोक बोलून टाइप करतात, त्यांचा एखादा शब्द चुकीच्या जागी गेला तर त्यातलं प्रत्येक अक्षर एकेक शॉर्टकट होऊन चालू शकतं. म्हणून २०१८ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुलभतेच्या नियमावलीत स्पष्ट अट आहे: एका अक्षराचा शॉर्टकट बंद करता आला पाहिजे, किंवा बदलता आला पाहिजे, किंवा तो त्या भागात फोकस असतानाच चालला पाहिजे.

शेजाऱ्याशी भांडण

राहिली दुसऱ्या ॲपशी होणारी टक्कर. विंडोजमध्ये पूर्ण सिस्टिमभर चालणारा शॉर्टकट हवा असेल तर ॲपला तो नोंदवावा लागतो. ती जोडी दुसऱ्या कुणी आधीच नोंदवली असेल तर विंडोज नकार देतं आणि एरर परत करतं. पहिला आला त्याचं बटण. पुष्कळ प्रोग्रामर हा नकार तपासतच नाहीत. मग ॲप चालू होतं, सेटिंगमध्ये शॉर्टकट दिमाखात दिसतो, पण दाबलं की दुसरंच ॲप उघडतं. खरं तर तिथे एक ओळ दाखवायची असते: 'ही जोडी दुसरं सॉफ्टवेअर वापरतंय, वेगळी निवडा.'

मी आता काय करते

त्या फोननंतर मी एक छोटी टेस्ट लिहिली. ती प्रत्येक विंडो उघडते, त्यातल्या सगळ्या कृतींचे शॉर्टकट गोळा करते, आणि एकमेकांत शिरणाऱ्या हद्दींमध्ये एकच जोडी दोनदा सापडली तर लाल दिवा दाखवते. बंद असलेल्या कृतीही ती मोजते, कारण आज बंद असलेली कृती पहिली ओळ टाकली की चालू होणार असते. पन्नास-साठ ओळींचं कोड असेल. पहिल्यांदा चालवली तेव्हा तिने अजून दोन टकरी दाखवल्या. त्यांच्याबद्दल कुणाचाच फोन आला नव्हता. लोकांनी बहुतेक ती बटणं वापरणंच सोडून दिलं असावं.

नवीन शॉर्टकट देताना मी या क्रमाने विचार करते. ही जोडी सिस्टिमची आहे का? तिच्यातून कुणाचं अक्षर उमटतं का? आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये ती कुणाकडे आहे का? असेल तर जुन्याचा हक्क आधी. आणि एवढं करूनही टक्कर झालीच, तर सॉफ्टवेअरने गप्प बसायचं नाही, खालच्या पट्टीत तरी सांगायचं.

तुमच्या लॅपटॉपवर एखादा शॉर्टकट अचानक चालेनासा झाला तर हाच रस्ता उलटा चालून बघा. आधी कर्सर योग्य जागी आहे का ते बघा. मग कीबोर्डची भाषा बदलून बघा. मग मागे चालू असलेली स्क्रीनशॉट, रेकॉर्डिंग, चॅटची ॲप्स एकेक करून बंद करा. ज्याच्या बंद होण्याने शॉर्टकट जिवंत झाला, तो दावेदार. व्हीएस कोड वापरत असाल तर कंट्रोल + के, मग कंट्रोल + एस दाबा. शॉर्टकटची यादी उघडेल, आणि कुठल्याही ओळीवर राइट क्लिक करून त्याच जोडीचे बाकीचे दावेदार बघता येतील.

काकांना दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर पाठवलं आणि मीच फोन केला. "काका, ओळ येते का आता?"

"येते. आणि ते डिस्काउंट कुठं गेलं?"

"एफ-सेव्हन."

"बरं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी बदलायच्या आधी विचारा."